उन्हाळा आला की जुना बेस घुमतो : पिकअप बदलण्याआधी हे वाचा

लक्षण आधी सांगतो, म्हणजे ज्यांचं दुखणं हेच आहे त्यांनीच पुढं वाचावं.

जुनी बेस गिटार, म्हणजे आपला बेस, आणि जुना व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अँप. थंडीत सगळं ठीक. मार्च सरता सरता मागून एक बारीक 'घूंऽऽ' सुरू होतो. एप्रिलमध्ये तो इतका वाढतो की दोन गाण्यांच्या मध्ये कुणाशी बोलायचं तर अँप स्टँडबायवर टाकावा लागतो. मेमध्ये त्याच्या जोडीला आणखी एक येतं : अनवाणी उभं राहून तारांना हात लावला की बोटांच्या पेरांना मुंग्या. मग जूनमध्ये दोन-तीन दणकून पाऊस झाले की सगळं आपोआप गायब. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा हजर.

माझ्याकडं हे चार उन्हाळे चाललं. चौथ्या उन्हाळ्यात कारण सापडलं, आणि ते ना बेसमध्ये होतं ना अँपमध्ये. त्याआधीच्या तीन वर्षांत मी एक चांगला जुना पिकअप (तारांचं कंपन पकडणारं चुंबक आणि गुंडाळी) काढून टाकायच्या बेतात होतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

सामान असं : बेस काकांचा. सत्तरच्या दशकातला जपानी, फेंडर कंपनीच्या जॅझ बेसच्या घडणीचा. हेडस्टॉकवरचं नाव घासून गेलंय, बॉडी चक्क प्लायची आहे, आणि तरीही त्याच्या ए तारेवर जो गोल, दबका आवाज निघतो तो मला नव्या महागड्या बेसवर मिळालेला नाही. काकांनी तो ऑर्केस्ट्रात वाजवला, लग्नसराई आणि गणपतीत. अँप मी पुण्याहून आणला : इंग्लंडमध्ये बनलेला ५० वॉटचा हेड (स्पीकर नसलेला नुसता अँप), आत दोन ईएल ३४ व्हॉल्व्ह, खाली १५ इंची स्पीकरचा एक खोका. घर सोलापूरच्या पूर्व भागात, गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमागांच्या शेड. सराव वरच्या खोलीत.

यंत्रमाग म्हटल्यावर जो तो तिकडंच बोट दाखवतो. मीही दाखवलं होतं. पण शेड बंद असतात त्या दिवशीही घूं तितकाच यायचा. मोटरी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज क्षणभर दबतं, दिवा मिचकावतो, अँपचा आवाज किंचित बसतो, एवढाच त्यांचा गुन्हा.

तीन वर्षं फसलो कसा

पहिल्या वर्षी शिक्षा पिकअपला. एका दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा) आहे, घुमणारच, नवीन हमबकर (घूं मारणारा दोन गुंडाळ्यांचा पिकअप) टाकून देतो. मी तयारही झालो होतो. काकांना विचारलं तर म्हणाले, "तीस वर्षं वाजवला, असा कधी घुमला नाही बघ." त्यावर थांबलो. फक्त केबल लावायचा जॅक बदलला, पॉटमध्ये (नॉबखालच्या भागात) स्प्रे मारला. बेस हातात आला जूनच्या शेवटच्या आठवड्यात. लावला, शांत! जॅकच खराब होता, असं ठरवून टाकलं.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा घूं. या वेळी अँप उघडला. पॉवर सप्लायमधले फिल्टर कंडेन्सर पन्नास वर्षांचे, एक तर डोक्यावर फुगलेला. ते बदलणं गरजेचंच होतं, त्याबद्दल पश्चात्ताप नाही. पण सुटे भाग मागवून, यायची वाट बघून, बसवून होईपर्यंत जुलै उजाडला. अँप शांत. श्रेय कंडेन्सरला.

तिसऱ्या वर्षी बेसच्या पोटात तांब्याची पट्टी चिकटवली, चांगल्या शिल्डिंगची केबल घेतली. पुन्हा तेच. काम मेमध्ये, गुण जूनमध्ये.

दर वर्षी दुरुस्ती व्हायची आणि दर वर्षी पाऊस पडायचा. मी बिलं जपून ठेवली होती, पावसाच्या तारखा नव्हत्या लिहिल्या. चौथ्या वर्षी बिलांवरच्या तारखा एका खाली एक ठेवल्या तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला.

घूं कोणत्या सुरात आहे ते आधी ऐका

इंटरनेटवरचे बहुतेक लेख अमेरिकेतले. ते ६० आणि १२० हर्ट्झच्या गोष्टी करतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं आपले सूर वेगळे. आणि बेसवाल्याचं नशीब असं की हे सूर मोजायला वेगळं यंत्र लागत नाही, हातातलाच बेस पुरतो.

बेसची मोकळी ई तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. तिच्यावर तिसऱ्या फ्रेटला (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) 'जी' हा सूर येतो, तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे आपल्या विजेच्या ५० ला अगदी खेटून. बेस नीट सुरात लावा, ई तारेवर तिसरा फ्रेट वाजवा आणि तो सूर घूंमध्ये मिसळू द्या. सेकंदाला साधारण एक अशी संथ लाट ऐकू आली, वूं… वूं… वूं, तर तुमचा घूं ५० चा. आता मोकळी जी तार वाजवा. ती ९८ ची. तिच्याशी सेकंदाला दोन अशा लाटा उठल्या तर घूं १०० चा.

हा फरक पोरखेळ नाही. १०० चा घूं बहुतेक वेळा अँपच्या पोटातून येतो, कारण व्हॉल्व्ह अँपमध्ये वीज एकदिश करताना ५० चे १०० होतात, आणि फिल्टर कंडेन्सर वाळले की तो लहरीपणा आवाजात उतरतो. आउटपुटच्या दोन व्हॉल्व्हपैकी एक थकला आणि जोडी बिघडली तरी १०० चाच घूं येतो, कारण एरवी ते दोघं मिळून तो मारत असतात. ५० चा घूं बाहेरचा असतो : अर्थिंग, केबल, पिकअपनं हवेतून पकडलेलं, किंवा फार तर पहिल्या व्हॉल्व्हच्या हीटरमधून झिरपलेलं. त्यातलं शेवटचं तपासायला पहिला व्हॉल्व्ह, ईसीसी ८३, बदलून बघावा, पाच मिनिटांचं काम.

आणि घूं नसून 'चर्रर्र' असेल, बारीक, दातांत शिरणारा, तर अँप-बेसला काही विचारू नका. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करा, एलईडी दिवा बंद करा, मोबाइलचा चार्जर उपसा. दहातल्या नऊ वेळा तिथंच मिटतं.

दुसऱ्या वर्षी मी कंडेन्सर बदलले तेव्हा १०० चा घूं खरंच गेला होता. ५० चा राहिला होता, तो पावसानं नेला. मला हा सुरांचा खेळ तेव्हा माहीत असता तर ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटनं एप्रिलमध्येच सांगितलं असतं की कंडेन्सर बदलून काम अर्धंच होणार.

मग पायरीपायरीनं

अँपचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. घूं तसाच राहिला तर तो अँपच्या मागच्या भागातला. गेला तर पुढं बघा. बेसची केबल अँपमधून उपसा, व्हॉल्यूम पुन्हा वाढवा. आता शांत असेल तर दोष केबलमध्ये, बेसमध्ये किंवा तुम्ही उभे आहात त्या खोलीत.

केबल लावा, तारांना हात लावा. हात लावल्यावर घूं कमी झाला तर घाबरू नका, ते जुन्या बेसचं नेहमीचं वागणं आहे. ब्रिजखालून एक वायर जाते, ती तारांना अँपच्या चासीशी (धातूच्या सांगाड्याशी) जोडते. तुम्ही हात लावला की तुमचं शरीर आडोसा बनतं. उलट हात लावल्यावर वाढला, तर ती ब्रिजची वायर तुटलीय किंवा कुणीतरी जॅकच्या दोन वायरी उलटसुलट जोडल्यात. जुन्या बेसमध्ये हे फार सापडतं, कारण चाळीस वर्षांत चार जणांनी सोल्डरचे डाग मारलेले असतात आणि त्यातला एक जण घाईत असतो.

बेस गळ्यात घालून एका जागी गोल फिरा. (घरात आधी सांगून ठेवा.) फिरताना घूं कमी-जास्त झाला तर पिकअप कुठल्यातरी ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र पकडतोय, बहुधा खुद्द अँपचं. चार पावलं लांब उभे राहा.

जॅझ बेसवाल्यांनी एक खास बघायचं. दोन्ही व्हॉल्यूम नॉब पूर्ण उघडा. घूं गेला? आता एक थोडा मागं घ्या. आला? मग तो बिघाड नाही, घडणच तशी आहे. जॅझ बेस १९६० साली आला, त्यात दोन सिंगल कॉइल पिकअप. अशा बेसवर दोन्ही पिकअपची गुंडाळी आणि चुंबकांची दिशा एकमेकांच्या उलट असेल तर दोन्ही पूर्ण उघडल्यावर ते एकमेकांचा घूं मारतात आणि एक मागं घेतला की मारणं अर्धवट राहतं. फेंडरच्याच प्रिसिजन बेसचा पिकअप १९५७ पासून दोन तुकड्यांचा झाला. ई-ए तारांना एक, डी-जीला दुसरा, आणि ते तुकडे आपसात घूं मारतात. म्हणून प्रिसिजनवाला मित्र तुमच्यापेक्षा शांत वाजतो. त्यात त्याचं कर्तृत्व काही नाही. १९५१ ते १९५७ मधला, एकाच सरळ कॉइलचा मूळ प्रिसिजन असता तर तोही तुमच्याइतकाच घुमला असता.

या सगळ्या पायऱ्या मी चौथ्या उन्हाळ्यात केल्या. निकाल : घूं ५० चा, व्हॉल्यूम शून्यावर घूं नाही, केबल काढली की घूं नाही, दोन्ही नॉब पूर्ण उघडूनही आहे, फिरून फरक नाही. बेस बॅटरीवरच्या हेडफोन अँपला लावला तर एकदम स्वच्छ. म्हणजे बेस निर्दोष, अँप निर्दोष. दोघं भिंतीच्या प्लगमधून जोडले की मात्र घूं. आणि वर मुंग्या.

कूलरमधलं पाणी संपलं

एवढं कळूनही कारण सापडलं ते योगायोगानं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी सातच्या सुमाराला वर एकटा वाजवत होतो. वाजवता वाजवता घूं अचानक अर्ध्यावर आला. मी कशालाच हात लावला नव्हता. जिन्यातून ओरडलो.

"आई, आत्ता काय बंद केलंस?"

"कूलर. का रे?"

"परत लाव बघू."

"अरे, पाणी संपलंय त्यातलं!"

"एकदाच लाव."

लावला. घूं वाढला. बंद केला, उतरला. तीनदा करून बघितलं, चौथ्यांदा आई वर आली.

कूलर पत्र्याचा, मार्चमध्ये माळ्यावरून खाली येतो आणि पाऊस पडला की परत वर जातो. बरोबर तेच महिने. त्याच्या पाण्यातला छोटा पंप जुना झाला होता आणि थोडी थोडी वीज बॉडीत झिरपवत होता. खरं तर अर्थिंग चांगलं असेल तर ही झिरप जमिनीत निघून जाते आणि कुणाला कळतही नाही. आमच्याकडं ती जात नव्हती. ती अर्थच्या वायरीत साचून घरभर फिरत होती, आणि त्याच वायरीला माझ्या अँपची चासी, चासीला केबल, केबलला ब्रिज, ब्रिजला तारा आणि तारांना मी.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी सॉकेटमध्ये मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२८. न्यूट्रल आणि अर्थमध्ये, कूलर चालू असताना, ४१ व्होल्ट. कूलर बंद, १७. तिथं दोन-तीनच्या वर दिसायला नको.

मीटर कधी कधी उगाचंच व्होल्टेज दाखवतो, म्हणून अण्णांनी घरातली एक न् एक वस्तू प्लगमधून उपसायला लावली, आम्हाला कशाला हात लावू नका म्हणून बजावलं आणि फेज-अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावला. धड अर्थिंग असतं तर तो लख्ख पेटला असता. तो कंदिलासारखा लाल झाला, बस. ही परीक्षा तुम्ही स्वतः करू नका. अर्थ कच्चं असेल तर त्या क्षणी घरातल्या सगळ्या पत्र्यांवर वीज चढते.

"खड्डा कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"कसला खड्डा?"

"अर्थिंगचा, ओ. पाणी कधी घातलं होतं त्यात?"

पाणी घालायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. खड्डा मागच्या बाजूला धुण्याच्या दगडाशेजारी होता. फरशी घातली तेव्हा वरून झाकून टाकलेला. फरशी उचलली. आत लोखंडी पाइप, त्याच्या तोंडाशी मातीनं बुजलेलं नरसाळं. वायर पाइपला जिथं आवळली होती तिथला नट बोटानं दाबला तर गंजाचा भुगा झाला. आणि पाइपभोवती, गोल, बोटभर रुंद भेग.

ती भेग मला सगळ्यात जास्त बोलकी वाटली. आपली माती काळी. ओली असते तेव्हा फुगते, पाइपला घट्ट धरते. उन्हाळ्यात ती आकसते, भेगाळते, आणि पाइप तिच्यात सैल उभा राहतो, पायजम्यात काठी असावी तसा. कोळसा आणि मीठ घालतात ते ओल धरून ठेवायला. पण ओलच नसेल तर दोन्ही सुकी, आणि सुकं मीठ वीज वाहत नाही. पाऊस पडला की माती फुगायची, पाइपला मिठी बसायची आणि माझा बेस बरा व्हायचा.

अण्णांनी नट-बोल्ट बदलले, सांधा घासून चकचकीत केला, पाइपभोवतीचा भाग उकरून कोळसा-मीठ नव्यानं भरलं. नरसाळं मोकळं केलं. दोन दिवसांत दहा बादल्या पाणी जिरवलं. कूलरचा पंप बदलला, तो अगदी किरकोळ किमतीत येतो. शिवाय ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (झिरप होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घेतली, जी आधीच असायला हवी होती. तिसऱ्या दिवशी न्यूट्रल-अर्थ दोन व्होल्टच्या आत. अँप लावला, व्हॉल्यूम नेहमीच्या जागी नेला, आणि चालू आहे की नाही ते लाल दिव्याकडं बघून खात्री करावी लागली.

मेमध्ये. पाऊस पडायच्या आधी.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा पिण्याचं पाणी खड्ड्यात ओता असं मी सांगणार नाही. आरओमधून जे खारं पाणी वाया जातं ते उत्तम; क्षार जास्त म्हणजे इथं फायदाच. कपडे खळबळलेलं शेवटचं पाणीही चालतं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर खड्डा सोसायटीचा असतो. सेक्रेटरीला गिटारचं कारण सांगू नका, लिफ्टचं सांगा.

अर्थची पिन काढू नका

या प्रकरणात मला दोन जणांनी 'उपाय' सांगितला होता : प्लगची मोठी पिन काढून टाक, घूं जाईल. जातोही. कारण साचलेली वीज ज्या वायरीनं अँपपर्यंत येते ती वायरच तुटते. पण मग अँपच्या आत एखाद्या दिवशी फेज चासीला टेकली तर तिला जायला एकच वाट उरते, तुमचा हात. आणि समोर अर्थ असलेला माइक असेल, ओठ त्याला लागले, तर वाट पूर्ण. हे उलट बाजूनंही होतं. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी इथं लेस हार्वे हा गिटारवादक स्टेजवरच गेला. अर्थ नसलेला माइक धरला आणि दुसऱ्या हातात गिटार. डीआय बॉक्सवर (बेस थेट मिक्सरला जोडायच्या डबीवर) 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण असतं ते निराळं, ते फक्त आवाजाच्या वायरीची जमीन सोडवतं. ते बिनधास्त वापरा. भिंतीतली पिन मात्र कधीही नाही.

जुन्या अमेरिकी अँपमध्ये तर मुळातच दोन पिनांची वायर असते, आणि फेजपासून चासीपर्यंत एक कंडेन्सर जोडलेला असतो. तो शॉर्ट झाला तर चासी थेट फेजवर. जाणकाराकडून तो काढून टाकायचा आणि तीन पिनांची वायर बसवायची. मूळपणा राखायच्या हट्टात इथं पडू नये. बदलताना रंगांचा घोळ लक्षात ठेवा : अमेरिकेत काळी वायर फेजची आणि पांढरी न्यूट्रलची. आपल्याकडच्या जुन्या सवयीनं काळी न्यूट्रल समजून जोडली की स्विच आणि फ्यूज दोन्ही चुकीच्या वायरीवर जातात.

आणि अँप उघडण्याच्या फंदात पडणार असाल तर : प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट बसून राहतात. ज्याला ते उतरवता येतात त्याच्याकडंच न्या. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अँप चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि जुन्या अँपचा अर्धा जीव त्यातच असतो.

जुनं घेताना घूं कसा ऐकायचा

या भानगडीतून माझं एक मत पक्कं झालंय : जुन्या बेसला घूंच्या कारणानं नाकारू नये, आणि घूंच्या कारणानं त्यातलं काही बदलू नये. विकत घ्यायला जाल तेव्हा बॅटरीवरचा छोटा हेडफोन अँप खिशात न्या. विकणाऱ्याच्या घरातली वीज तुमच्या निवाड्यात यायला नको.

कंट्रोलची पट्टी उघडून बघायला मागा. आत पॉटच्या पाठीवर आकडे असतात. अमेरिकी पॉटवर पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे, १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. साठनंतरच्या पॉटवर पुढचे दोन वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. १३७६६१२ असेल तर १९६६ चा बारावा आठवडा. बेस त्याच्या आधीचा असू शकत नाही, पॉट नंतर बदलला नसेल तर. विकणारा १९६४ सांगत असेल तर हसून चहा प्यावा. चौसष्टवर एवढा जोर असतो कारण १९६५ च्या सुरुवातीला फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी कंपनीनं घेतली आणि त्याआधीच्या मालाची किंमत तेव्हापासून वेगळीच चालते. फेंडरचा सीरियल नंबर १९७६ पर्यंत नेकच्या पाठीमागच्या धातूच्या पट्टीवर, त्यानंतर हेडस्टॉकवर. पण पट्टी चार स्क्रूंवर असते, ती कुणीही बदलू शकतो. पॉटवरचे सोल्डरचे जुने, मळकट डाग पुन्हा कुणी तापवलेले नाहीत ना, हे बघणं जास्त भरवशाचं. म्हणूनच माझ्या बेसचा पिकअप निघाला असता तर मला आज इतकं लागलं असतं. डाग एकदा उचकटला की तो परत १९७० च्या दशकातला होत नाही.

अँपबद्दल माझा सल्ला सरळ आहे. आपल्याकडं जुना इंग्लिश अँप घ्या. तो २३०-२४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झसाठीच बनलेला असतो. मागचा व्होल्टेज सिलेक्टर कुठं आहे तेवढं बघा, कुणी गंमत म्हणून ११० वर फिरवलेला नसावा. अमेरिकी अँपला स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लागतो, आणि ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. त्यात आपला मे महिना. अँपेगचा १९६० चा बी-१५ हातात आला तर अर्थात मी हे सगळं विसरेन. २५ वॉटचा अँप, पण डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत बेसवादक जेम्स जेमरसननं १९६२ चा प्रिसिजन आणि गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा लावून अशाच अँपमधून बेसला बोलायला शिकवलं. स्वप्न बघायला स्टेप-डाउन लागत नाही.

उन्हाळ्यातलं आणखी एक, थोडक्यात. हवा सुकते तसं नेकचं लाकूडही आकसतं, फ्रेटची टोकं कडेनं बोचायला लागतात, तारांची उंची बदलते. हा वेगळा आजार आहे, घूंशी याचा संबंध नाही. ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) पाव फेऱ्याच्या वर एका दिवसात फिरवू नका, आणि बेस गच्चीखालच्या खोलीत उघडा ठेवू नका.

कार्यक्रमाच्या ठिकाणी

घर शांत झालं, पण गणपतीत किंवा गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत मांडवात वाजवायचं तर वीज जनरेटरची. त्याला बहुतेकदा अर्थच नसतं. मी आता किटमध्ये मीटर ठेवतो. आधी न्यूट्रल-अर्थ बघतो, मग मीटरची एक सुई बेसच्या ब्रिजला आणि दुसरी माइकच्या जाळीला. तिथं पाच-सात व्होल्टच्या वर दिसलं की मांडववाल्याला बोलावतो, जनरेटरला खुंटी ठोकून बादलीभर पाणी घालायला लावतो. पहिल्या वेळी तो माझ्याकडं असा बघत राहिला जणू मी स्टेजवर सडा घालायला सांगतोय. आता मला बघितलं की आधीच बादली आणतो.

ज्यांना अजून घूं येतोय त्यांनी लिहिताना एवढं सांगा : सूर ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटचा की मोकळ्या जी तारेचा, तारांना हात लावल्यावर काय होतं, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये किती व्होल्ट. एवढ्यावर पुढचं बोलता येतं. "खूप आवाज येतो" यावर नाही.

माझ्या बेसवर एक नॉब मागं घेतला की अजूनही बारीक घूं येतो. तो सिंगल कॉइलचा आहे, तो राहू दिलाय. खड्ड्यावरच्या फरशीवर मी खडूनं पाणी घातल्याची तारीख लिहितो, दर पंधरा दिवसांनी पुसून नवी. यंदा मार्चमधली एक तारीख आईच्या अक्षरात आहे.